हात लागला नाही

सोमवार, ७ जुलै

रागात असताना लिहायला बसू नये, असं आमचे मल्हारराव मास्तर सांगायचे. पण राग गेल्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडं काही उरत नाही, म्हणून आजच लिहितो.

सकाळी कन्नड पेपरात मनस्विनीची मुलाखत आली. अर्धं पान. जुना फोटो, हात पांढऱ्या पावडरीनं माखलेले. शेवटी त्या बातमीदार बाईनं ऑलिम्पिकमधल्या उडीचं विचारलंच. आणि मनस्विनीनं हसून सांगितलं म्हणे, "चूक कुणाचीच नव्हती. उडी मला येत होती. सरावात नीट झाली होती. ऐन वेळी मी घाबरले, एवढंच."

घाबरली! सहा वर्षांची असताना वडिलांचा, नरसिंहरावांचा हात सोडून सरळ बारला जाऊन लोंबकळलेली पोर ही. चौदा वर्षं मी तिला जिम्नॅस्टिक्स शिकवलं. दिल्लीच्या शिबिरात तिचं पटेना तेव्हा शेवटचे चार महिने ती माझ्याकडंच परत आली होती. ऑलिम्पिकला मात्र माझ्या जागी संघटनेचा एक पदाधिकारी गेला, नवा कोट शिवून. तिथं ती व्हॉल्टच्या टेबलावरून सुटली, हवेतली गिरकी पुरी झाली नाही, डावा गुडघा वळला. वीस वर्षांची होती. पुन्हा स्पर्धेत उतरली नाही. आज एकोणतीस आहे, जिना उतरताना अजून कठडा धरते.

मी तिथं असतो तर ती पडली नसती. नऊ वर्षं हेच म्हणतोय.

ठकूला मुलाखत वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तिचं तोंड, तिची उडी, तिचा गुडघा. तुमचं काय जळायलंय?"

बायकोला काय सांगणार. चहा न पिताच हॉलवर गेलो. हॉल आमच्या मल्लेश्वरमधलाच. मनस्विनी आता तिथली मुख्य शिक्षिका आणि मी तिच्या हाताखाली. मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण आज तिनं बोलावलं तेव्हा मी मुद्दाम मॅट सरकवत राहिलो.

"अण्णा, रागावलाय?"

"मला काय करायचंय."

"बरं, ऐका तरी. संहिताचं ठरवूया."

संहिता पंधरा वर्षांची. हॉलमधली सगळ्यात चांगली मुलगी. दोन ऑगस्टला राष्ट्रीय संघाची निवड चाचणी आहे. तिथं तिनं रुडी मारायची की नाही, हा प्रश्न आहे. रुडी म्हणजे मनस्विनीचीच ती उडी. धावत यायचं, टेबलावर हात टेकून सुटायचं, मग सरळ अंगानं हवेत कोलांटी आणि त्या कोलांटीतच दीड गिरकी. उतरताना तोंड टेबलाकडं. जमली तर निवड नक्की. नाही जमली तर गुडघा जातो, मान जाते.

मनस्विनी म्हणाली, "माझ्या वेळचाच नियम. तुमच्या हाताशिवाय तीन वेळा मारली, की शनिवारी सव्वीसला चाचणीच्या फॉर्मवर रुडी लिहायची. नाही मारली तर सोपी उडी. हात लागला की नाही ते तुम्ही सांगायचं. तुमच्या शब्दावर मी सही करते. सरी?"

"सरी, ठीक आहे," मी म्हणालो.

गुरुवार, १० जुलै

पहिली झाली.

संहिताचे वडील अपूर्व शहराच्या दुसऱ्या टोकाहून, महादेवपुऱ्याहून पहाटे निघून तिला आणतात. माणूस पुण्याचा, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. घड्याळात बघतच गाडीतून उतरतो. "सर, आज होईल ना? फिजिकली ती रेडी आहे. मेंटल ब्लॉक आहे फक्त." मुलगी शेजारी उभी आणि हा तिचं गाडीच्या इंजिनासारखं वर्णन करतो.

मी माझ्या जागी उभा राहिलो, टेबलाच्या पुढं, उजव्या अंगाला. मुलगी टेबलावरून सुटते त्या क्षणी तिच्या कमरेखाली जागा दिसते. तिथं तळहात गेला तर ती चार बोटं वर जाते, आणि त्या चार बोटांत गिरकी बसते. टेबलाचा धक्का आणि माझा हात यातला फरक तिला कळत नाही. सगळं फार वेगानं होतं.

संहिता आली, सुटली, फिरली, दोन्ही पायांवर उतरली. एक पाऊल मागं गेलं, तेवढंच. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

धावपट्टीच्या टोकाकडून मनस्विनीनं विचारलं, "अण्णा, लागला?"

"नाही."

सवयीनं गेला असेल थोडा. पण हात लावणं वेगळं आणि उचलणं वेगळं. मी उचललं नाही. कोणी धावतंय आणि आपण नुसतं बघतोय हे माझ्या अंगात नाही. संहिता माझ्याकडं आली, पावडरीचे हात माझ्या शर्टाला पुसले आणि म्हणाली, "अण्णा, आली मला!" तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्या 'नाही'मुळं होतं. त्यात काय वाईट झालं?

शनिवार, १२ जुलै

शनिवार म्हणून मारुतीला रुईची माळ घातली. हॉलमधल्या तसबिरीपुढं पोरी रांगेत उभ्या राहून प्रार्थना म्हणतात. दोघी कन्नडमधून, बाकीच्या मराठीतून. मारुतीला चालतं.

गुरुवारचं मनातून जाईना म्हणून त्याला सगळं मनातल्या मनात सांगितलं. विचार करताना असं वाटलं, की देव तरी कुठं सांगतो, 'हा मी हात दिला' म्हणून? माणूस म्हणतो मी नोकरी मिळवली, मी पोर वाढवलं. देव गप्प राहतो. उद्या त्यानं हिशेब सांगायला सुरुवात केली तर माणूस एक पाऊल टाकायचा नाही.

मल्हारराव मास्तरही असेच होते. आमच्या गावच्या शाळेत मल्लखांब शिकवायचे. खांबाला खेटून उभे राहायचे, पोर वर उलटं झालं की त्यांचा एक हात कुठंतरी असायचा. कुठं ते आम्हाला कधी कळलं नाही. "देणाऱ्यानं बोलू नये," म्हणायचे. त्यांच्या हाताखाली मी तालुक्यात पहिला आलो. पुढं बेळगावला जिल्ह्याच्या स्पर्धेत मास्तर आजारी म्हणून आले नाहीत, आणि मी पहिल्याच पकडीला खाली आलो. शाळेत रोज दहादा करायचो ती पकड. माझंच काळीज कच्चं निघालं. मास्तरांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण मी त्यांना तोंड दाखवू शकलो नाही. म्हणूनच मला असं वाटतं की मुलांच्या मनातली भीती आधी काढली पाहिजे.

मंगळवार, १५ जुलै

दुसरीही झाली. पण आज मी कुणाशी धड बोललो नाही.

अपूर्वनं तीन पायांचा स्टँड आणला आणि त्यावर मोबाईल लावला. "स्लो मोशन, सर. फ्रेम बाय फ्रेम बघता येईल." मी म्हणालो, इथं मोबाईल चालत नाही. तो म्हणाला, मॅडमनी परवानगी दिलीय. मॅडम! मी तिचे गुडघे तेलानं चोळलेत.

उजेड डोळ्यांवर येत होता म्हणून मी आज टेबलाच्या दुसऱ्या अंगाला उभा राहिलो. मोबाईलकडं माझी पाठ होती. नंतर अपूर्वनं ते चित्र मनस्विनीला दाखवलं तर त्यात अर्धा वेळ माझा शर्टच दिसतो. "सर, तुम्ही मध्ये येता," तो म्हणाला.

"पंचवीस वर्षं मध्येच येतोय मी. म्हणून पोरी अजून चालतात," मी म्हणालो. सगळे हसले. मनस्विनी हसली नाही. तिनं विचारलं, "लागला?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "मग झालं. अण्णांपेक्षा मोबाईल मोठा नाही."

शब्द चांगले होते. मला मात्र ते ऐकून इतका संताप आला की मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. कशाचा संताप, ते नीट लिहिता येत नाही. त्या मोबाईलचाच असणार.

शुक्रवार, १८ जुलै

अंगात ताप. ठकूनं आल्याचा काढा दिला. म्हणाली, झोपेत तुम्ही हात वर उचलायलाय, माझ्या नाकावर बसला.

मंगळवार, २२ जुलै

चार दिवसांनी हॉलवर गेलो. दारातच सोनम भेटली. सात वर्षांची, हॉलमधली सगळ्यात लहान. बातमी देण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. "अण्णा, संहिताअक्का पडली! मानेवर! धप्प!"

मी चपला न काढताच आत गेलो.

फार लागलं नव्हतं. काल संहितानं हट्ट धरला, अण्णा नसले तरी मारते, दोन वेळा आलीच आहे. खाली जाड मॅट होती म्हणून निभावलं. अर्धी गिरकी घेऊन ती खांद्यावर आणि मानेवर आपटली. आज मानेला पट्टा बांधून भिंतीशी बसली होती. मी जवळ गेलो तर तिनं तोंड फिरवलं.

"दुखतंय का गं?"

"नाही." मग थोड्या वेळानं, "मी घाबरले, अण्णा. येत होती मला. तुम्हीच बघितलंत ना? दोनदा आली होती. काल मी घाबरले."

पेपरातलेच शब्द. तिनं मुलाखत वाचलीही नसेल. पुण्याकडची मुलं कन्नड वाचत नाहीत.

मनस्विनी तिच्या समोर येऊन उभी राहिली. मी तिला इतकं कडक बोलताना कधी ऐकलं नाही. "घाबरलीस हे मान्य केलंस, बरं झालं. मी मान्य करायला वर्ष घेतलं. आता ऊठ. टेबलावर चढ आणि उभी राहा. भीती जाईपर्यंत उतरायचं नाही."

"अक्का, मान—"

"मानेला पट्टा आहे. भीतीला पट्टा नसतो."

पोर टेबलावर उभी राहिली. रडत नव्हती. बाकीच्या मुली गुपचूप बीमवर, तोल साधायच्या अरुंद फळीवर, चालत राहिल्या, कुणी वर बघेना. मी मनस्विनीला म्हणालो, बास, उतरव तिला. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही मायाळू आहात. मला कुणी असं उभं केलं असतं तर मी तिथं उडी सोडली नसती. भित्र्या माणसाला मायेचा उपयोग नसतो. मला विचारा."

मला विचारा, म्हणते. नऊ वर्षं ती हे स्वतःला सांगत आली आणि आता त्या पोरीला देते आहे, वारशासारखं.

घरी येताना काडु मल्लेश्वराच्या देवळात गेलो. हात जोडायला उचलले आणि जोडता येईनात. पुजाऱ्यानं विचारलं, काय झालं. म्हटलं, ताप होता. तीर्थ न घेताच उतरलो.

गुरुवार, २४ जुलै

जसं झालं तसंच लिहितो.

मी रात्री ठरवलं होतं, आज हात लावायचा नाही. मागं बांधून उभा राहीन. पडली तर पडली, मॅट आहे. तिलाही कळेल, मनस्विनीलाही कळेल, आणि मला काही बोलावं लागणार नाही. यातला शेवटचा भाग खरा होता.

संहितानं मानेचा पट्टा काढला होता. अपूर्व म्हणाला, डॉक्टरनं ओके दिलंय, आज तिसरी झाली पाहिजे, नाहीतर वर्ष गेलं. संहिता धावपट्टीच्या टोकाला उभी राहिली तेव्हा मी तिच्याकडं पाहिलं. ती टेबलाकडं बघत नव्हती. माझ्या हातांकडं बघत होती. काय कळलं असेल तिला? काही कळलं नसेल. लहान मूल अंधारात दिव्याकडं बघतं, तसं.

ती आली. सुटली. आणि ती कमी उंचीवर सुटली, हे मला टेबलावरच्या आवाजावरून कळलं. मी हात लावला नाही. मी उचललं. खांद्यापासून उचललं. माझं मनगट अजून सुजलेलं आहे.

ती उतरली. दोन्ही पाय, एकही पाऊल नाही. बाप ओरडला, सोनम नाचायला लागली.

"अण्णा, लागला?"

सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. संहिता बघत होती, तोंडावर ते हसू घेऊन.

"नाही."

मनस्विनीनं तिथंच फॉर्म काढला, पायरीवर बसून गुडघ्यावर धरला आणि रुडी लिहिलं. म्हणाली, शनिवारी सकाळी पाठवते.

मला तिचा राग येतो. नऊ वर्षं मी त्या पदाधिकाऱ्यावर रागावलो, दिल्लीवर, पेपरावर, त्या मोबाईलवर. आज तिच्यावर. मला दर वेळी का विचारते ती? एकदा तरी खाली येऊन स्वतः का बघत नाही? इतका विश्वास माझ्यावर ठेवायला कुणी सांगितलं होतं हिला? एखाद्या माणसावर इतकं ओझं टाकायचं, आणि वर 'तुमच्या शब्दावर सही करते' म्हणायचं!

हे लिहून पुन्हा वाचलं. खोडत नाही. असू दे, काय लिहिलं ते दिसू दे.

आणि एक. 'मी तिथं असतो तर ती पडली नसती.' ऑलिम्पिकच्या मैदानावर उडीला शिक्षकाचा हात लागला तर ती उडीच धरत नाहीत. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

शुक्रवार, २५ जुलै

सकाळचा सराव संपून मुली गेल्या. मनस्विनी बारच्या तारा घट्ट करत होती. मी चपला बाहेर काढून आत गेलो, देवळात जावं तसा.

"मनस्विनी, तो फॉर्म पाठवू नकोस."

"का? मान दुखतेय का तिची?"

"लागला."

"काय?"

"हात. तिन्ही वेळा लागला. काल तर उचललं मी तिला."

तिनं पाना खाली ठेवला. तिचा चेहरा आधी नुसता गोंधळलेला होता. "मग तुम्ही नाही का म्हणालात?"

"तिला वाटावं म्हणून. आपल्याला येते असं."

"तिला वाटावं म्हणून." तिनं ते शब्द हळूहळू म्हटले. आणि मग मला दिसलं की ती संहितापाशी थांबलेली नाही. ती मागं चालली होती, एकेक वर्ष. मला पळून जावंसं वाटलं.

"माझ्या वेळी?"

मी खाली ठेवलेला पाना उचलला.

"अण्णा, माझ्या वेळी?"

"लागायचा."

"कधी कधी?"

"पहिल्यापासून."

"शेवटच्या आठवड्यात? त्या तीन? ज्यांच्यावर मी ती उडी ऑलिम्पिकला लिहिली?"

"त्याही."

तिनं बारला हात टेकला. बाहेर मोगरा विकणारी फुलवाली ओरडत होती, मल्लिगे, मल्लिगे. मनस्विनी बोलू लागली तेव्हा माझ्याशी नाही, बारशी बोलावं तसं बोलली. "पात्रतेला मी सोपी उडी मारली होती. तिथं गेल्यावर पाय जपायचा म्हणून सरावात रुडी मारलीच नाही. म्हणजे..." ती थांबली. "म्हणजे ती माझी पहिली होती. आयुष्यातली पहिली. मी कधी एकटीनं मारलीच नव्हती."

"तू कोलांटी पुरी केली होतीस, मनू. गिरकीच तेवढी—"

"गप्प बसा!"

तेवीस वर्षांत तिनं मला 'गप्प बसा' म्हटलेलं नाही. पावडरीचं भांडं तिनं भिंतीवर मारलं. सगळीकडं पांढरा धूर झाला आणि त्यात ती ओरडत होती. "नऊ वर्षं मी स्वतःला भित्री म्हणतेय! आरशात बघून म्हणतेय! नऊ वर्षं माणसं मला विचारतात आणि मी हसून सांगते, मी घाबरले! तुम्ही पेपर वाचून माझ्यावर रागावलात! रागावलात तुम्ही! आणि मंगळवारी मी त्या पोरीला टेबलावर उभं केलं! मोडकी मान घेऊन!"

"तुझ्या भल्यासाठी—"

"माझ्या भल्याचं सांगू नका. तुम्हाला बघवत नव्हतं. माझं पडणं तुम्हाला बघवत नव्हतं, म्हणून तुम्ही मला पडायला तिकडं पाठवलंत, जिथं तुम्हाला बघावं लागणार नाही."

तिनं दार दाखवलं. मी निघालो. दारातून ती म्हणाली, "उद्या प्रार्थनेला या. सगळ्यांसमोर सांगायचं. मी नाही सांगणार, तुम्ही."

खरं लिहायचं तर मी असं धरून चाललो होतो की सांगितल्यावर ती रडेल, मी तिच्या डोक्यावरून हात फिरवीन, आणि मग दोघांनाही हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. घरी आलो तेव्हा शर्ट पांढरा झालेला होता. ठकूला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली. म्हणाली, "इतकी वर्षं गप्प बसून पचलं कसं तुम्हाला?" आणि पुन्हा थापायला लागली. भाकरी वाढली, पण नेहमीसारखी शेजारी बसली नाही.

शनिवार, २६ जुलै

प्रार्थना झाली. मुली मांडी घालून बसल्या. अपूर्वही होता, मनस्विनीनं बोलावला होता. भिंतीवरचा पांढरा डाग कुणी पुसला नव्हता.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. आधी संहिताचं, मग मनस्विनीचं. फार शब्द लागले नाहीत. मधे एकदा मी 'देवासारखं' असं काहीतरी म्हणणार होतो, पण मनस्विनीकडं नजर गेली आणि ते वाक्य मी टाकून दिलं.

अपूर्व उठला. "म्हणजे माझी मुलगी त्या दिवशी तुमच्या खोटेपणावर मानेवर पडली? तुम्हाला कळतंय का, तिला पॅरालिसिस होऊ शकला असता? आय विल कम्प्लेन. तुमच्यावर, या हॉलवर." तो जे म्हणाला ते सगळं बरोबर होतं. तो पोरीकडं वळला, "चल, संहिता."

संहिता उठली नाही. तिची मान ताठ होती, दुखत असणार. माझ्याकडं तिनं असं पाहिलं की मला तसबिरीकडं बघावं लागलं. "मी घाबरले नव्हते," ती म्हणाली. "सोमवारी. मी नीटच धावले होते. मी घाबरले नव्हतेच." आणि मग मोठ्यानं, "बाबा, मी येत नाही. अक्का, सोपी उडी लिहा. पण रुडी मी शिकणार, यांच्याशिवाय."

मनस्विनीनं जुना फॉर्म फाडला, नवा भरला. संहितासमोर खाली बसली, गुडघा दुखतो तरी. तिच्याशी काय बोलली ते ऐकू आलं नाही. टेबलावर उभं केल्याबद्दल असावं, कारण संहितानं दोन्ही हातांनी डोळे पुसले.

मग पोरींनी विचारायला सुरुवात केली. हे मी धरलं नव्हतं.

"अण्णा, माझी बारवरची?"

"तुझ्या पाठीला लागायचा."

"माझी मागची कोलांटी?"

"मागच्या महिन्यापर्यंत. आता नाही."

एकेकीचं सांगत गेलो. कुणी रडली, कुणी माझ्यापासून जरा लांब सरकली. शेवटी सोनम उभी राहिली. ती बीमवर हातांची चक्री करते, बुटक्या बीमवर, महिना झाला. तिला मी कधीच हात लावलेला नाही. पोर हलकी आहे, तोल चांगला आहे, गरजच पडली नाही.

"अण्णा, माझी चक्री?"

"तुझी तुझीच आहे, सोनम. कधी हात लावला नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. "खरं?"

"मारुतीशपथ."

तिनं मान वळवली आणि मनस्विनीला विचारलं, "अक्का, अण्णा खरं सांगतायत?"

मनस्विनी म्हणाली, "मला माहीत नाही."

हे तिनं दुखवायला म्हटलं नाही. तिला खरंच माहीत नव्हतं. मी खरं बोलत होतो आणि हॉलमधल्या एकालाही ते कळायचा मार्ग नव्हता. मला रडू आलं नाही, राग आला. पण तो आता कुणाकडं पाठवावा हे कळेना.

"करून बघूया," मनस्विनी म्हणाली. "अण्णा, तुम्ही दाराशी जा. मीपण लांब थांबते."

मी दाराशी जाऊन उभा राहिलो. सोनम बीमवर चढली. आजूबाजूला बघितलं, कुणी जवळ नाही ना याची खात्री केली, आणि हात टेकले. पाय वर गेले, फिरले, आणि डावा पाय बीमच्या कडेवरून निसटला. माझं सगळं अंग पुढं गेलं. मनस्विनी हलली नाही. पोर मॅटवर बसकण मारून पडली.

सोनमनं आधी स्वतःच्या पायाकडं बघितलं, मग बीमकडं. मग तिचं तोंड एकदम फुललं.

"पडले!" ती ओरडली. "अक्का, बघ, पडले! कुणाचा हात असता तर पडले असते का? म्हणजे माझीच आहे!"

मनस्विनीनं ते ऐकलं. ती हळूहळू खाली बसली, डावा पाय समोर लांब केला आणि तो गुडघा दोन्ही हातांनी धरून राहिली. सोनम तोवर पुन्हा बीमवर चढली होती.